पाया मुरमापर्यंत, नावं मुलांची

दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. म्हणजे २०२८ मध्ये त्याला दीडशे वर्षं होतील. असं वर्ष जवळ आलं की गावात काय काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. कमान उभी राहते, स्मरणिका निघते, जाहिराती गोळा होतात, ढोल-ताशा वाजतो. मग शाळेच्या बैठकीत एखाद्या बाई म्हणतात, "मुलांकडून एक शिल्प करून घेऊ या का? चौकात उभं करू." हा लेख त्या बाईंसाठी आहे, मग त्या दौंडच्या असोत की शिरूरच्या. कल्पना उत्तम आहे. फक्त त्यातला 'चौकात' हा शब्द आत्ताच खोडून टाका. का, ते पुढे सांगतो.

मुलांनी केलेलं शिल्प म्हणजे शाळेच्या प्रदर्शनातली वस्तू, असा एक समज असतो. मुंबईचं जुनं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एकदा मान वर करून बघा. त्या इमारतीवरचं बरंचसं कोरीव काम मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांनी केलं. शिकवायला जॉन ग्रिफिथ्स होते. पानं, फुलं, मोर, माकडं असं सगळं त्या दगडात आहे. आणि त्या इमारतीला राणीचं नाव मिळालं ते १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला. म्हणजे वर्धापनदिन, सार्वजनिक जागा आणि विद्यार्थ्यांचे हात हे तिन्ही तिथे एकत्र आले होते. इमारत तेव्हाच्या जीआयपी रेल्वेची, आणि त्याच रेल्वेचा मार्ग दौंडवरून पुढे सोलापूरकडे गेला. तेव्हा दौंडच्या मुलांना हा दाखला परका नाही.

आता विषय. पहिल्या बैठकीत शिरूरमध्ये घोडा सुचेल आणि दौंडमध्ये इंजिन, हे मी आजच लिहून देतो. घोड नदीचं गाव, म्हणून घोडा. हा कोटीचा भाग झाला. पण घोड्याला इथे खरा इतिहासही आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती, १८१७ मध्ये उभारलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्स या घोडदळाचं ठाणं इथेच होतं. तेव्हा घोडा करायचाच असेल तर जरूर करा, मात्र तो चारही पाय जमिनीवर टेकलेला करा. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा तोलणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे, ते नववी-दहावीच्या मुलांवर टाकू नका.

माझं मत विचाराल तर शिरूरकरांनी नदीकडेच बघावं. निघोजचे रांजणखळगे शेजारच्या पारनेर तालुक्यात, कुकडीच्या पात्रात आहेत, आणि ती कुकडी पुढे घोडेला मिळते. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या खडकात कोरलेले ते रांजण मुलांनी सहलीत पाहिलेले असतात. असा एक मोठा, गुळगुळीत, आत हात घालून बघावासा वाटणारा खळगा बागेत असला तर लहान मूल आपोआप त्याच्याकडे जाईल. फक्त तळाला पाणी जाण्याचं भोक ठेवा, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच वर्धापनदिन साजरा करतील.

दौंडमध्ये इंजिनाऐवजी 'सांधा' घ्या. रूळ एकाचे दोन होतात ती जागा, आणि तो बदलणारा सांधेवाला. पुण्याकडून येऊन नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. प्रवासी तेवढ्यात खाली उतरून चहा पीत. पुढे दौंड स्थानक टाळून जाणारी कॉर्ड लाइन झाली आणि कितीतरी गाड्यांचा तो थांबा सुटला. गावाच्या आठवणीत मात्र तो उलटा प्रवास पक्का बसलेला आहे. 'इथून गाडी उलटी निघायची' हे सांगणारं शिल्प दौंडशिवाय दुसऱ्या गावात शोभणार नाही. विषय निवडताना हीच कसोटी लावा: हेच शिल्प उचलून बारामतीत ठेवलं तर चालेल का? चालत असेल तर विषय अजून सापडलेला नाही. तालुक्यातल्या गावांनाही हे लागू आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी छापखान्यात खिळे जुळवले, रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथेच छापला. शिशाचा एक खिळा, पुरुषभर उंचीचा, अक्षर उलटं. केडगावच्या मुलींना याहून चांगला विषय कोण देणार?

विषय ठरवायला मुलांना घरी पाठवा. प्रत्येकाने आजी-आजोबांकडून गावातल्या एका वस्तूची गोष्ट आणायची, माणसाची नाही. माणसाची गोष्ट आली की पुतळा येतो, आणि पुतळा आला की तुमचं शिल्प शाळेच्या हातातून जातं. महापुरुषांच्या पुतळ्यांसाठी राज्य शासनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. जागेची कागदपत्रं, पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची परवानगी. हे सगळं असायलाच हवं, पण दहावीच्या वर्गाला ते पेलणारं नाही. शिवाय चेहरा जरा चुकला तर काय होतं, ते सांगायला नको.

आता तो 'चौक'. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशा सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असं राज्यांना बजावलं आहे. तेव्हा रस्त्याचं बेट, फुटपाथ, दुभाजक विसरा. नगरपरिषदेची बाग, वाचनालयाचं आवार, शाळेच्या कुंपणाच्या आत पण रस्त्यावरून दिसेल असा कोपरा, अशी जागा शोधा. मला शेवटची सगळ्यात आवडते, कारण झाडू मारणारं कुणीतरी तिथे रोज असतंच. नदीकाठची जागा सुचली तर आधी जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा बघा. घोड आणि भीमा, दोघीही उन्हाळ्यात गरीब दिसतात.

जागा नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांना तोंडी भेटून 'हो' मिळवणं म्हणजे परवानगी नव्हे. सर्वसाधारण सभेचा, किंवा प्रशासक असतील तर त्यांचा ठराव हवा. त्या ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: नेमकी जागा, शिल्प कोणाच्या मालकीचं, आणि दुरुस्ती कोण करणार. गावाचं किंवा नगरपरिषदेचं स्थापनावर्षही त्याच वेळी दप्तरातून लिहून आणा. स्मरणिकेत एक साल, दगडावर दुसरं, असं झालं की पुढची पन्नास वर्षं लोक तेवढंच दाखवत राहतात.

आता मालाबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण एकदा आमचे हात पोळले आहेत. एका शाळेत आम्ही लाकडी सांगाड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचं उघडं पुस्तक केलं होतं. वर सोनेरी रंग. उद्घाटनाला काय दिसलं! जूनच्या दुसऱ्या पावसात पानांच्या कडा खडूसारख्या विरघळायला लागल्या, ऑगस्टमध्ये आतल्या लाकडाला बुरशी आली आणि दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामांनी ते गुपचूप मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. प्लास्टर हे आतलं माध्यम आहे. गणपतराव म्हात्र्यांनी जे. जे.त विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमध्ये केली आणि ती टिकली, पण छपराखाली. फायबरही नको. त्याच्या राळेचा वास मुलांच्या छातीला वाईट, आणि उन्हात काही वर्षांत पृष्ठभाग भुकटतो. ब्राँझ परवडत नाही. काळा दगड उत्तम, पण तो मुलांचा नव्हे, पाथरवटाचा हात मागतो.

मग उरतं सिमेंट. नाक मुरडू नका. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या विनायकराव करमरकरांनी अलिबागजवळच्या सासवण्यात आपल्या घरी सिमेंटमध्ये कितीतरी शिल्पं केली. त्यांचं ते शिल्पालय बघायला एक सहल न्याच. करमरकरही गावातलाच मुलगा. देवळाच्या भिंतीवर काढलेलं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्डच्या नजरेस पडलं आणि मुलगा जे. जे.त पोचला.

आणि सिमेंटचं हे काम शिकायला शिरूर तालुक्याबाहेर जावंही लागत नाही. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. तिथला फेरोसिमेंटचा 'पाबळ डोम' १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडे घरं बांधायला वापरला गेला. जे तंत्र घराला चालतं ते शिल्पाला चालतंच. शाळेच्या चार शिक्षकांनी आणि दहा मुलांनी तिथे जाऊन आधी हात घाण करून यावेत.

फेरोसिमेंट म्हणजे थोडक्यात जाळीत भरलेलं सिमेंट. सहा किंवा आठ मिलिमीटर सळईचा सांगाडा करायचा, त्यावर वेल्डमेश, त्यावर दोन्ही बाजूंनी कोंबडी जाळीचे थर, आणि सगळं बांधणीच्या तारेने चार-चार बोटांवर आवळायचं. जाळी सैल राहिली तर गिलावा थरथरतो आणि पडतो. वेल्डिंग मुलांना देऊ नका, ते आयटीआयच्या वेल्डर ट्रेडच्या मोठ्या मुलांना त्यांच्या निदेशकांसमोर करू द्या. तार आवळायला मात्र सातवीची मुलगीही पटाईत होते, पक्कड आणि हातमोजे द्या.

सिमेंट एक भाग, चाळलेली, धुतलेली वाळू दोन भाग. पाणी पन्नास किलोच्या पोत्याला वीस-बावीस लिटर, त्याहून जास्त नाही. गवंडी हटकून जास्त घालतो, कारण माल सहज सरकतो. त्याला प्रेमाने थांबवा. माल लाडवासारखा वळला पाहिजे, हातातून ओघळता कामा नये. मग एक मूल आतल्या बाजूने पत्र्याचा तुकडा धरून बसतं, दुसरं बाहेरून तळव्याने माल जाळीत दाबतं. दाबताना आतल्या पत्र्यावर 'थप' असा भरीव आवाज आला की समजायचं, पोकळी राहिलेली नाही. 'खरखर' आला तर परत दाबा. जाडी पाऊण ते एक इंच. जाळीवर माल किमान पाच मिलिमीटर चढलाच पाहिजे. एखादी तार वर डोकावली तर ती तेव्हाच आत ठोका. पहिल्या पावसाळ्यानंतर तिथूनच गंजाचा तांबडा ओघळ येतो, आणि तो रंगाखाली लपत नाही. सिमेंटने कातडी भाजते, हे मुलांना आधी सांगा. रबरी मोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली.

त्यानंतर चौदा दिवस ओली पोती. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण शिल्प टिकणार की नाही ते इथेच ठरतं. म्हणून गिलाव्याचं काम एप्रिल-मेमध्ये कधीही काढू नका. दौंडच्या चाळीस अंशांत माल दुपारपर्यंत तडकतो, आणि पिण्याचं पाणी टँकरने येत असताना शिल्पाला पाणी मारताना बघून लोक बोलणारच. माझा हिशेब असा: जुलैत विषय, ऑगस्ट-सप्टेंबरात शाडूचे नमुने, ऑक्टोबरात ठराव, दिवाळीनंतर पाया आणि सांगाडा, डिसेंबरच्या थंडीत गिलावा. २६ जानेवारीला कापड काढा. फेब्रुवारीपासून दहावी-बारावीची मुलं तुमची नसतात.

नमुना लहान आणि शिल्प मोठं, इथे गणिताच्या शिक्षकांना बोलवा. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि भरीव वस्तूचं वजन आठपट. काळा पाषाण एका घनफुटाला ऐंशी किलोंच्या आसपास भरतो. एक इंच जाडीचं सिमेंट चौरस फुटाला सुमारे सहा किलो, म्हणजे शंभर चौरस फूट पृष्ठभागाचं पोकळ शिल्प सळई सोडूनच सहाशे किलो. ते शाळेत करून बागेत न्यायचं तर हायड्रा क्रेन लागेल आणि उचलताना तडा जाईल. शक्यतो जागेवरच करा. वाऱ्याचा हिशेब विज्ञानाच्या सरांकडे द्या. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोंच्या पुढे जातो. मुलांनी तो आकडा स्वतः काढला की उंच, सपाट, पाटीसारखं शिल्प करायचा हट्ट ती आपणच सोडतात. माणसाच्या उंचीपेक्षा फार वर जाऊच नका. हात न पोचणाऱ्या शिल्पाशी मुलाचं नातं जुळत नाही, असं मला तरी वाटतं.

हिशेब मुलांचा असला तरी सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची हवी. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजत असल्याचं त्याआधीच कळवलं गेलं होतं, हेही नंतर बाहेर आलं. तुमचं शिल्प सहा फुटी असेल, पण त्याच्यावर मुलं चढणार आहेत. चढू नका, ही पाटी कुणी वाचत नाही. म्हणून चार मुलं लोंबकळली तरी हलणार नाही असंच ते करा. उघड्यावरचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या.

पायाबद्दल आपल्या भागात एकच नियम, पण तो पाळलाच पाहिजे. घोड-भीमेच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर ठेवलेला चौथरा दोन वर्षांत कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, तो चार फुटांवर लागो की सात. चौथऱ्याच्या वरच्या पैशांत काटकसर करा, खालच्या नाही. फरशी, ग्रॅनाइट, कारंजं हे सगळं नंतरही होतं.

दौंडच्या वाचकांसाठी एक इशारा. रुळाचे तुकडे, फिशप्लेट, चाव्या रुळाशेजारी पडलेल्या दिसतात, आणि मुलं उत्साहाने दप्तरातून आणतात. असं करू देऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या स्वतंत्र कायद्याखालचा गुन्हा आहे. हवं असेल तर रेल्वेकडे लेखी मागणी करा, किंवा लिलावात भंगार घेतलेल्या व्यापाऱ्याकडून पावतीसह विकत घ्या, आणि पावती शाळेच्या फाइलला लावा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडे पत्र दिलं तर सळई, जाळी, प्राइमर असा माल वस्तुरूपाने मागा. रोख मागितली की बॅनरवरच्या लोगोची चर्चा सुरू होते. रसायनांच्या कारखान्यातली रिकामी पिंपं मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

राहिली कोनशिला. आपल्याकडे कोनशिलेवर शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती अशी उतरंड असते, आणि ज्यांनी काम केलं ते 'समस्त विद्यार्थी' या दोन शब्दांत मावतात. हे उलटं करा. दगडावरच्या नावांची ताकद काय असते, ते जवळच दिसतं. कोरेगाव भीमाच्या लढाईसाठी इंग्रजांची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. त्या लढाईच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि आज दर १ जानेवारीला लाखोंची रीघ लागते. नुसता उंच दगड असता तर? दगडावर नाव असलं की माणसाला त्यात आपलं कुणी सापडतं. म्हणून सगळ्या मुलांची नावं घाला, पाणी मारणाऱ्यांचीसुद्धा. वेल्डरचं घाला, गवंड्याचं घाला. पाहुण्यांचं नाव स्मरणिकेत छापा, तिथे ते शोभून दिसतं. अक्षरं काळ्या दगडात पाथरवटाकडून तीन-चार मिलिमीटर खोल कोरून घ्या, स्टिकर नको. आणि कोरण्याआधी मजकूर तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. त्यातल्या एकाने तरी तो शेवटून सुरुवातीकडे वाचावा. ऱ्हस्व-दीर्घ दगडात खोडता येत नाही.

शिरूरच्याच जुन्या दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. शिरूर आणि आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि कबरीला नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. परक्या फौजेतल्या परक्या माणसाचं ते स्मारक, पण लोकांनी त्याला काहीतरी काम दिलं. तुमच्या शिल्पालाही काम द्या. शाळा सुटल्यावर तिथे टेकता आलं पाहिजे, किंवा नव्या पाचवीच्या मुलांची ओळख तिथे व्हावी, किंवा वर्धापनदिनी तिथेच गूळ-खोबरं वाटावं. काय ते तुमचं गाव ठरवील.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दोन कामं उरतात. एक, हस्तांतराचं पत्र देऊन शिल्पाची नोंद नगरपरिषदेच्या किंवा शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत करून घेणं. ज्याची नोंद नाही ते पुढच्या रस्तारुंदीकरणात राडारोडा ठरतं. दोन, वर्गणीतला दहावा हिस्सा खर्च न करता शाळेच्या खात्यात वेगळा ठेवणं. तडे भरायला, रंगाला. दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साध्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने शिल्प धुवा, ॲसिड लावू नका. तळाची पाणी जाण्याची भोकं गवताने आणि चॉकलेटच्या कागदांनी हमखास बुजलेली असतात. त्यासाठी सायकलच्या चाकाचा एक जुना आरा टोकाला वाकवून शिपाईमामांच्या किल्ल्यांच्या खिळ्यालाच अडकवून ठेवा.